तीन तास आठ मिनिटं

रायपूरहून धमतरीच्या रस्त्याला लागलं की वाटेत अभनपूर येतं. इथून एक फाटा राजिमला जातो, महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर. पूर्वी या गावात छोट्या लाइनचं जंक्शन होतं. आता मोठी लाइन आली आहे आणि ३० मार्च २०२५ला हिरवा झेंडा दाखवल्यापासून मंदिर हसौदमार्गे रायपूरला मेमू धावते. त्या मेमूने कामाला जाणारा एक तरुण आणि त्याची वहिनी यांच्यात एका चित्रपटावरून वाद जुंपला आहे. चित्रपट मराठी नाही, हिंदी नाही, छत्तीसगढीही नाही. तो आहे पॉल थॉमस अँडरसनचा ‘मॅग्नोलिया’, १९९९ सालचा. लांबी १८८ मिनिटं, म्हणजे तीन तासांवर आठ मिनिटं.

वाद घरातला असला तरी दोघंही आपापल्या कामातून आणि वाढण्यातून आलेलं बोलतात, म्हणून तो इथे मांडावासा वाटला. दीर रायपूरच्या एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. पूर्वी हळदीपासून बिदाईपर्यंत तीन तासांची कॅसेट द्यायचे. आता गिऱ्हाईक तीन मिनिटांची हायलाइट मागतं आणि पुन्हा पुन्हा तीच बघतं. माणसाची नजर पडद्यावरून नेमकी कुठे सुटते, हे त्याला रोजच्या कामातून कळलेलं आहे. वहिनी शाळेत इंग्रजी शिकवतात. त्यांचं माहेर गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथेच, कलावंतांच्या तारखा तिथेच ठरतात. त्यांचे वडील अशाच एका कंपनीत प्रॉम्प्टर होते. रात्री दहाच्या सुमाराला पडदा उघडतो आणि पहाटे नाटक संपतं, ही त्यांच्यासाठी लहानपणापासूनची साधी गोष्ट.

भाऊजींची तक्रार सरळ होती. “वहिनी, या सिनेमात नऊ-दहा माणसं आहेत आणि सगळीच्या सगळी रडतायत. म्हातारा मरतोय म्हणून त्याची बायको रडते. मुलगा बापावर चिडून रडतो. नर्स फोनवर रडवेला होतो. पोलिसाची बंदूक हरवते, तोही रडतो. एकाचं दुःख पुरेसं असताना दहांचं कशाला? माझ्याकडे हा माल आला असता तर मी दोन गोष्टी ठेवल्या असत्या आणि दोन तासांत सिनेमा संपवला असता.”

वहिनींनी आधी उत्तर दिलंच नाही, प्रश्न विचारला. “तुम्ही तो बघितला कसा?”

“मेमूत. जाता-येता, फोनवर.”

“मग तुम्ही सिनेमा बघितलाच नाही. त्याचे तुकडे बघितले. मी रविवारी दुपारी टीव्हीसमोर बसले ती संपल्यावरच उठले.”

“ही तर अटच झाली,” भाऊजी म्हणाले. “एका बैठकीत बघाल तरच मी चांगला, असं म्हणणारा सिनेमा कच्चा असतो. चांगलं दृश्य कुठूनही उघडा, ते चांगलंच असतं.”

हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. वहिनींनी तो मोडला एका लहान मुलाच्या आधाराने. ‘मॅग्नोलिया’ घडतो लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत, जेमतेम एका दिवसात. त्यात टीव्हीवर एक प्रश्नमंजूषा चालू असते, लहान मुलं विरुद्ध मोठी माणसं. स्टॅन्ली नावाचा हुशार मुलगा सगळी उत्तरं देतो. त्याला लघवीला जायचं असतं, पण कार्यक्रम थेट प्रसारित होत असल्याने कुणी जाऊ देत नाही. मग कॅमेरा त्याला सोडून मरणासन्न अर्ल पार्ट्रिजच्या खोलीत जातो, औषधांच्या दुकानात जातो, पोलिसाच्या गाडीत जातो. मुलगा तिकडे तसाच बसलेला असतो.

“आता बघा,” वहिनी म्हणाल्या. “म्हाताऱ्याच्या खोलीत असताना माझ्या डोक्यात तो मुलगा होता. पोलीस एका मुलीशी गोड बोलत होता तेव्हाही मुलगा होता. तो पडद्यावर नसताना त्याची तगमग मी वागवत होते. तुम्ही त्याची पाच मिनिटं कापून वेगळी काढली तर एक बिचारं पोरगं दिसेल, बस. मला जे झालं ते होणार नाही. ते त्या पाच मिनिटांत नाहीच, मधल्या चाळीस मिनिटांत आहे.”

लांबलचक, अनेक पात्रांच्या चित्रपटाच्या बाजूने यापेक्षा चांगला मुद्दा क्वचित ऐकायला मिळतो. अशा चित्रपटात एक गोष्ट थांबते तेव्हा ती संपलेली नसते. प्रेक्षक ती सोबत घेऊन पुढच्या गोष्टीत शिरतो. ओझं वाढत जातं, आणि ते उचलून धरायला लागणारा वेळ हाच चित्रपटाचा खरा ऐवज असतो.

भाऊजी मात्र एडिटर. त्यांना इतिहास ठाऊक होता. “हे काही अँडरसनने शोधलेलं नाही. ग्रिफिथने १९१६ साली ‘इंटॉलरन्स’मध्ये चार काळांतल्या चार गोष्टी एकमेकींत गुंफल्या. तीन तासांचा सिनेमा. तंत्र सगळ्यांनी शिकून घेतलं, पण तेव्हाच्या प्रेक्षकाने पाठच फिरवली. रॉबर्ट ऑल्टमनने ‘नॅशव्हिल’मध्ये चोवीस पात्रं घेतली, ‘शॉर्ट कट्स’मध्ये कार्व्हरच्या कथा जोडल्या. तोही तीन तासांच्या वर. ही जाणकारांची आवड आहे, वहिनी. सामान्य माणूस यात थकतो.”

‘सामान्य माणूस’ हा शब्द वहिनींना लागला. आणि इथून वाद सॅन फर्नांडो व्हॅली सोडून वैनगंगेच्या खोऱ्यात आला.

दिवाळी झाली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांत मंडई भरते. शेतातलं धान हाती आलेलं असतं, घरोघरी पाहुणे असतात, कुठे बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असतो आणि रात्री नाटक असतं. तंबूबाहेर तिकीट काढून लोक घोंगड्या-चादरी घेऊन बसतात, म्हाताऱ्यांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत. नाटकात भावाभावांची वाटणी असते, नवऱ्याने टाकलेली बाई असते, दारूत बुडालेला बाप असतो, शहरात शिकून परतलेला मुलगा असतो. पेटीतबल्याच्या साथीने गाणी होतात, मध्ये विनोदी पात्र येऊन हसवून जातं, पुन्हा रडारड. हे सगळं पहाटेपर्यंत. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

“ती माणसं जाणकार नाहीत का?” वहिनींनी विचारलं. “दिवसभर धान झोडून आलेली बाई सहा तास बसते. तिला कुणी सांगितलेलं नसतं की हा फार मोठा कलाप्रकार आहे. तिला त्या घरातल्या प्रत्येकाचं काय झालं ते कळल्याशिवाय उठायचं नसतं. मोठ्या सुनेचं झालं, धाकटीचं काय? नोकराचं काय? पात्रं दहा आहेत म्हणून ती थकत नाही. दहाच्या दहांना न्याय मिळाला नाही, तर मात्र सकाळी विहिरीवर कंपनीचा उद्धार करते.”

मग त्यांनी ‘मॅग्नोलिया’तल्या त्या प्रसिद्ध जागेकडे बोट दाखवलं. चित्रपट शिगेला पोहोचत असताना सगळी पात्रं, आपापल्या घरात, गाडीत, अंथरुणावर, एकच गाणं आळीपाळीने गाऊ लागतात. गाणं एमी मॅन या गायिकेचं. तिची गाणी ऐकता ऐकताच अँडरसनला या पटकथेचं बीज सुचलं होतं. परदेशात अनेकांना ही जागा धाडसी वाटली, काहींना विचित्र. वहिनींना त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. माणसाला बोलणं अशक्य झालं की ते गातं, हे झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला आणि संगीत नाटकावर वाढलेल्या महाराष्ट्रालाही वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बालगंधर्वांच्या नाटकांना रात्र पुरत नसे. पदांना वन्समोअर मिळत आणि उजाडायला लागे. मरणाच्या दारातला म्हातारासुद्धा त्या गाण्यात आपला स्वर मिसळतो, हे पाहून वहिनी रडल्या होत्या आणि ते सांगताना त्यांना जराही संकोच वाटला नाही.

तो म्हातारा म्हणजे जेसन रॉबर्ड्स. आयुष्यभर रंगभूमी गाजवलेला नट. अर्लच्या भूमिकेत अंथरुणावर पडून, आपण पहिल्या बायकोशी कसे वागलो याचा पश्चात्ताप तो तुटक तुटक बोलतो. हा त्याचा शेवटचा चित्रपट. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०००मध्ये, तो फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला.

भाऊजींनी इथे आपलं सर्वांत भारी अस्त्र काढलं, आणि ते रायपूरचंच होतं. “वहिनी, रात्रभराचं कौतुक मलाही आहे. आपल्या छत्तीसगढचं लोकनाट्य, नाचा, तेही रात्रभरच चालतं. तुमच्याकडे मंडई, इथे मडई, आणि रात्री नाचा. पण रंगकर्मी हबीब तनवीर यांनी काय केलं? १९५८ साली ते रायपूरला आले, आपल्या जुन्या शाळेच्या मैदानात रात्रभर नाचा बघितला आणि त्यातले सहा कलावंत दिल्लीला घेऊन गेले. मदनलाल, ठाकुरराम, भुलवाराम ही माणसं. त्यांचीच शैली, त्यांचीच बोली घेऊन पुढे १९७५ साली ‘चरणदास चोर’ हे नाटक उभं राहिलं. दोन तासांत सगळं आलं. हसणं आलं, देव आला, राणी आली, मरण आलं. १९८२ला एडिनबरोमध्ये त्याला बक्षीस मिळालं. रात्रभराचा नाचा एडिनबरोला गेला असता का?”

हा मुद्दा टाळता येण्यासारखा नाही. हबीब तनवीर रायपूरचे, नाचा त्यांच्या मातीतला, आणि तरी त्यांनी लांबी कमी केली. त्या कमी करण्यात काही गमावलं असं ‘चरणदास चोर’ पाहणारा कुणी म्हणणार नाही. वहिनीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी फरक दाखवला तो रचनेतला.

“चरणदास एकटा आहे. विजयदान देथांच्या कथेतला एक चोर, त्याने घेतलेली वचनं, आणि खरं बोलण्याचं वचन पाळताना त्याला आलेलं मरण. एक माणूस, एक रस्ता. त्याला दोन तास पुष्कळ. पण ‘लगान’ घ्या. आशुतोष गोवारीकरचा सिनेमा, पावणेचार तासांच्या आसपास. तिथे अकरा माणसांचा संघ जमवायचा आहे. कोंबड्या पाळणारा, लोहार, वैद्य, आणि ज्याला कुणी शिवत नाही तो कचरा. प्रत्येकाला संघात घेताना गावाला काहीतरी सोडावं लागतं. ती गोळाबेरीज कापली तर शेवटचा सामना नुसता क्रिकेटचा सामना. तासभराहून जास्त चालणारा तो सामना लोकांनी थिएटरात शिट्ट्या वाजवत बघितला, कारण मैदानावरचा प्रत्येक जण त्यांच्या ओळखीचा झाला होता.”

भाऊजी ‘लगान’ला विरोध करूच शकले नाहीत, तो त्यांनी स्वतः किती वेळा पाहिला आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी वाट बदलली. “बरं, लांबी सोडा. तीव्रतेचं बोला. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ बघा. दोन तासांच्या आत. शाहीर नारायण कांबळे, बचावाचा वकील, सरकारी वकील बाई, न्यायाधीश, सगळ्यांची गोष्ट आहे. कुणी टाहो फोडत नाही. तरी सिनेमा संपल्यावर झोप लागत नाही.”

‘कोर्ट’चा दाखला चोख होता. २०१४चा हा चित्रपट राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला आणि त्यातले शाहीर म्हणजे विदर्भाचे वीरा साथीदार, स्वतः चळवळीतले कार्यकर्ते. पण याच उदाहरणाने भाऊजींची अडचण केली. ‘कोर्ट’मध्ये न्यायालयाचं काम आटोपलं तरी कॅमेरा निघून जात नाही. सरकारी वकील बाई लोकलने परततात, मुलाला घेऊन घरी जातात, स्वयंपाक करतात, वाढतात. गुन्ह्याशी, खटल्याशी या दृश्याचा काडीचा संबंध नाही. तीन मिनिटांच्या हायलाइटमध्ये तर ते येणारच नाही. पण ते आहे म्हणून ती बाई खलनायिका होत नाही. म्हणजे ‘कोर्ट’चा एकूण आकार लहान असला तरी प्रत्येक माणसाला लागणारा वेळ तो कापत नाही. वहिनींनी हे शांतपणे दाखवलं आणि भाऊजींनी, एडिटर म्हणून, मान्य केलं.

मराठीत अनेक पात्रांच्या मोठ्या पटाचं नाव काढायचं तर ‘सिंहासन’ टाळून पुढे जाता येत नाही. १९७९, जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकरांची. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून ती लिहिलेली. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, श्रीराम लागू त्यांची खुर्ची हलवणारे अर्थमंत्री, सतीश दुभाषी कामगार पुढारी, आणि या सगळ्यांत फिरणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. शिवाय दत्ता भट, मधुकर तोरडमल, मोहन आगाशे, रीमा लागू, कोवळा नाना पाटेकर. आज एवढी माणसं एका पडद्यावर पाहताना थक्क व्हायला होतं.

‘सिंहासन’ ‘मॅग्नोलिया’सारखा भावनेने ओथंबलेला नाही. सत्तेच्या चाली, फोन, गुप्त बैठका, तस्करी, संप. पण त्याच्या शेवटी दिगू टिपणीस जे वेड्यासारखं हसतो, ते हसू अडीच तासांहून अधिक काळ साचत आलेलं असतं. निळू फुले तोवर बहुतेक वेळ फक्त ऐकतात, बघतात, मान हलवतात. त्यांनी आधी एकदा जरी हंबरडा फोडला असता तर शेवट फुकट गेला असता.

इथे भाऊजींना आपला खरा मुद्दा सापडला, आणि या लेखकाच्या मते तोच त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा आहे. “बघा, हेच म्हणतोय मी. ‘सिंहासन’मध्ये एक माणूस गप्प आहे, म्हणून बाकीचे सहन होतात. तुमच्या झाडीपट्टीत मध्ये विनोदी पात्र येतं, नाच्यात जोक्कड येतो. लोक हसतात, चहा पितात, पोराला बाहेर नेऊन आणतात आणि पुन्हा रडायला तयार होतात. ‘मॅग्नोलिया’त ती सोयच नाही. तो पहिल्या तासाच्या शेवटी ज्या पट्टीत जातो, त्याच पट्टीत तिसऱ्या तासापर्यंत गातो. म्हाताऱ्याची ती बायको, लिंडा, औषधाच्या दुकानात ओरडते, वकिलाकडे ओरडते, गाडीत ओरडते. ज्युलियन मूर मोठी नटी आहे, पण तिला बसायलासुद्धा जागा दिली नाही.”

वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “लिंडाचं खरं आहे.”

भाऊजींना अजून एक साक्षीदार मिळाला होता: खुद्द अँडरसन. ‘मॅग्नोलिया’ आला तेव्हा तो जेमतेम एकोणतीस वर्षांचा होता. २००० साली बर्लिनमध्ये त्याला सुवर्ण अस्वल मिळालं, ऑस्करची तीन नामांकनं मिळाली, टॉम क्रूझला गोल्डन ग्लोब मिळाला. पण पुढे कित्येक वर्षांनी, त्या वयातल्या स्वतःला काय सांगाल असं विचारल्यावर त्याने दिलेल्या सल्ल्याचा मथितार्थ असा होता की जरा शांत हो आणि वीस मिनिटं काप.

“वीसच म्हणाला ना?” वहिनी उत्तरल्या. “एक तास नाही म्हणाला. गोष्टी कमी कर असंही नाही म्हणाला.”

मग ती वीस मिनिटं कुठली, यावर दोघांची खरी चर्चा झाली. भाऊजी म्हणाले, सुरुवातीचे ते तीन योगायोगांचे किस्से काढा, आणि शेवटचा बेडकांचा पाऊस तर आधी काढा. वहिनींना सुरुवात गेली तरी चालणार होती. लिंडाची दोन दृश्यंही त्यांनी सोडून दिली. बेडकांवर मात्र त्या हटल्या नाहीत.

चित्रपट न पाहिलेल्यांसाठी सांगायला हवं की ‘मॅग्नोलिया’च्या शेवटाकडे आकाशातून खरोखर बेडूक कोसळू लागतात. हजारोंनी, रस्त्यांवर, गाड्यांच्या काचांवर, पोहण्याच्या तलावात. बायबलच्या निर्गम या पुस्तकात इजिप्तवर आलेल्या अरिष्टांपैकी हे एक. भाऊजींच्या मते दिग्दर्शकाला गोष्ट संपवता आली नाही म्हणून त्याने आभाळ फोडलं. या लेखकाला हे पटत नाही. त्या दहा माणसांपैकी बरेच जण एकमेकांना चित्रपट संपेपर्यंत भेटतच नाहीत. त्यांना एका खोलीत आणणारी कुठलीही युक्ती खोटी ठरली असती. ऑल्टमनने ‘शॉर्ट कट्स’ भूकंपाने संपवला तो याच कारणाने. ज्यांच्यात जमीन आणि आभाळ सोडून काहीच सामाईक नाही, त्यांच्यावर एकाच वेळी काहीतरी यायचं तर ते तिथूनच येणार. आणि तो पाऊस पडू लागतो तेव्हा स्टॅन्ली हा एकटाच असा असतो ज्याला आश्चर्य वाटत नाही. पुस्तकांत वाचलेल्या गोष्टी खऱ्याच घडतात हे त्याला माहीत असतं. तीन तास त्या मुलासोबत काढलेल्या प्रेक्षकाला त्याचा तो चेहरा पाहून जे वाटतं, ते वेगळ्या काढलेल्या क्लिपमध्ये सापडणार नाही.

वहिनींनी यानंतर जे उदाहरण दिलं, ते खरं तर सगळ्यांत आधी यायला हवं होतं, कारण ते आपलं आहे. महेश एलकुंचवारांची त्रिनाट्यधारा: ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’, ‘युगान्त’. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचं घर. पहिलं नाटक १९८५ साली विजया मेहतांनी केलं. तात्याजी वारले आहेत, तेरावं करायचं आहे, पैसा नाही. थोरला भास्कर, मुंबईहून आलेला सुधीर, अविवाहित प्रभा, चंदू, आई, दादी, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर. आणि १९९४मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी ‘आविष्कार’साठी ही तिन्ही नाटकं एका दिवसात, एकापाठोपाठ केली. मधल्या सुट्ट्या धरून जवळजवळ नऊ तास.

“नऊ तास, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्या ‘मॅग्नोलिया’च्या तिप्पट. आणि मुंबईची माणसं बसली.”

एलकुंचवारांच्या त्या घरातही भावना ओसंडून वाहते, पण ती साठत साठत येते. ‘वाडा’मधली वहिनी घर सांभाळत राहते. ‘मग्न तळ्याकाठी’त दहा वर्षं लोटलेली आहेत, भास्करचा वाया गेलेला मुलगा पराग आता घर चालवतो, त्याची बायको नंदिनी आली आहे. ‘युगान्त’मध्ये दुष्काळ आहे आणि घर जवळपास रिकामं. पहिल्या नाटकात जी माणसं एकमेकांना असह्य होती, त्यांची तिसऱ्या नाटकात नुसती आठवण निघाली तरी प्रेक्षकाचा जीव तुटतो, कारण तो स्वतः त्यांच्यासोबत म्हातारा झालेला असतो. नऊ तासांत. तिन्ही नाटकं वेगवेगळ्या वर्षी पाहिली तर कथा कळते. हे होत नाही.

भाऊजींनी नऊ तासांपुढे हात टेकले असं नाही. त्यांचं म्हणणं राहिलंच की आज असा वेळ कुणाकडे नाही. ते स्वतः सकाळी मेमूने जातात, रात्री येतात, आणि मधल्या वेळात जे बघायचं ते फोनवर. त्यांच्या वयाच्या बहुतेकांचं असंच आहे. हा आळस नाही, ही दिवसाची वाटणी आहे. लांब चित्रपटाची बाजू घेणाऱ्यांनी हे नाकारू नये. झाडीपट्टीचा प्रेक्षक सहा तास बसतो तो धान हाती आल्यावर, मंडईच्या रात्री, सगळं गाव बसतं म्हणून. तो वेळ एकट्याने चोरलेला नसतो, गावाने मिळून काढलेला असतो. ‘मॅग्नोलिया’ फोनवर एकट्याने पाहणाऱ्या तरुणाकडून त्याच धीराची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

म्हणून या वादाचा निकाल असा लागतो. पात्रं अनेक असतील आणि त्यांच्या गोष्टी खरोखर एकमेकींवर भार टाकत असतील, तर तीन तास जास्त नाहीत. नुसत्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतील तर दीड तासही जास्त. ‘मॅग्नोलिया’ पहिल्या जातीचा आहे. त्यात श्वास घ्यायला जागा कमी आहे, हे भाऊजींचं बरोबर, आणि ती वीस मिनिटं त्याच जागेसाठी कापायला हवी होती. पण तो दोन तासांत, दोन गोष्टींत संपला असता, हे चूक.

राहिला प्रश्न वेळेचा, आणि तो एकेकट्याने सुटणार नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढात मराठी घरं आहेत. रायपूरच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, महाराष्ट्राबाहेरच्या कितीतरी शहरांत अशी मंडळं आहेत. गणपतीत एकांकिका होतात, गाण्याचे कार्यक्रम होतात, कोजागरीला लोक जागतात. या मंडळांनी वर्षातून एक अख्खा दिवस राखून ठेवावा. सकाळी ‘सिंहासन’, जेवण, मग ‘वाडा’ आणि ‘मग्न तळ्याकाठी’चं वाचन, आणि जमलंच तर संध्याकाळी ‘मॅग्नोलिया’. मोठा पडदा, मध्ये चहा, फोन दाराशी टोपलीत. वहिनींनी वाचनाला येण्याची तयारी दाखवली आहे, आणि भाऊजी म्हणाले आहेत की प्रोजेक्टर आणि साउंड ते स्टुडिओतून आणतील.